केसाळ कातड्यातून बुटांचं चामडं: केसांशी भांडू नका, कातडं उलटं करा

केसांसकट कमावलेलं कातडं बऱ्याच जणांकडे पडून असतं, कुणी जमिनीवर अंथरायला घेतलेलं, कुणाला शिकारीतून मिळालेलं, कुणी हौसेनं स्वतः कमावून ठेवलेलं, आणि मग एक दिवस डोक्यात येतं की याचे बूट केले तर? लगेच पहिला प्रश्न, केस कसे काढायचे. मी पण तिथूनच सुरुवात केली होती आणि केस मुळापासून काढायच्या नादात दोन चांगले तुकडे घालवले, त्यानंतर कळलं की बुटासाठी केस मुळातून निघायची गरजच नसते. केस बारीक भादरायचे, ती बाजू आत टाकायची, मांसाकडची बाजू बाहेर घ्यायची, आणि कातडं बुटासाठी फार मऊ असतं म्हणून त्याला झाडाच्या सालीच्या पाण्यात पुन्हा एकदा कमवायचं, मग भरपूर चरबी आणि मेण पाजायचं. एवढंच काम आहे, पण प्रत्येक पायरीत गोम आहे म्हणून सविस्तर लिहितोय.

केस निघत का नाहीत

नेहमीच्या चामड्यात केस काढतात ते कातडं कच्चं असताना. चुन्याच्या पाण्यात टाकलं की कातडं फुगतं, केसाच्या मुळाभोवतीचा थर सुटतो आणि बोथट सुरीनं ढकललं तरी केस निघून येतात. कमावताना नेमकं उलटं होतं, मुळाभोवतीचा सगळा भाग पक्का होतो आणि केस जागच्या जागी घट्ट बसतो. केसाळ कातडं कमावणाऱ्याची सगळी मेहनतच त्यासाठी असते की केस झडू नयेत, आणि आपण नंतर येऊन म्हणतो झड बाबा.

मग लोक केस विरघळवायला जातात. टॅनरीत, म्हणजे कातडी कमावायच्या कारखान्यात, सोडियम सल्फाइड वापरतात हे खरं, केस ज्या केराटिनचे असतात त्यातले गंधकाचे बंध ते तोडतं. पण घरी हे करू नका, अजिबात नाही. कमावलेलं कातडं, त्यातही क्रोमचं म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं, आतून आम्लधर्मी असतं आणि सल्फाइड आम्लाला भेटलं की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. तो बंद जागेत माणूस मारतो, आणि प्रमाण वाढलं की त्याचा वास येणंच बंद होतं, म्हणजे धोका वाढलेला कळतसुद्धा नाही. केस काढायची क्रीम मिळते ती पण मी लावून बघितली, वरचे केस जातात, मुळं राहतातच, आणि ती क्रीम खूप अल्कलीयुक्त असल्यामुळे वरचा थर खरखरीत होऊन सैल पडतो. तुकडा वाळल्यावर दुमडला तर सुरकुत्या पडून तशाच राहिल्या, फेकून द्यावा लागला.

एक अपवाद आहे, तुरटीनं कमावलेलं कातडं. त्याची वाट वेगळी आहे, ती पुढे सांगतो.

आधी ओळखा, हातात नेमकं काय आहे

ही पायरी टाळू नका कारण पुढचं सगळं हिच्यावर ठरतं. कडेचे तीन-चार तुकडे कापा, साधारण २ बाय ५ सेंटिमीटरचे. कापलेली कड नीट बघा. निळसर, राखाडी किंवा हिरवट छटा असेल तर क्रोम. तपकिरी असेल तर साल किंवा झाडपाला. पांढरं असेल तर तुरटी किंवा आल्डिहाइड (फॉर्मॅलिनसारखं रसायन), फरच्या कातड्यांत हे दोन्ही खूप दिसतात.

मग उकळती टेस्ट. तुकड्याची बाहेरची रेघ कागदावर आखून घ्या, उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाका, काढून परत त्याच रेघेवर ठेवा. नीट क्रोम केलेलं असेल तर तेवढंच्या तेवढं राहतं. बाकीचे सगळे आक्रसतात, गुंडाळतात, रबरासारखे होतात, कारण कच्चं कातडं ६०-६५ अंश सेल्सियसला आक्रसतं, सालीचं साधारण ७०-८५ ला, क्रोमचं मात्र १०० च्या आसपास किंवा वर. हे आकडे डोक्यात ठेवा, पुढे गरम पाणी आणि गरम मेण वापरताना कामाला येतात.

पांढऱ्या तुकड्यासाठी वेगळी टेस्ट, तो रात्रभर पाण्यात ठेवा, तीन-चार वेळा पाणी बदला, मग न ताणता तसाच वाळवा. ढोलकीच्या पानासारखा कडक आणि जरासा पारदर्शक झाला तर तुरटी, पाण्यात धुऊन गेली. मऊच राहिला तर आल्डिहाइड किंवा त्यासारखं काही.

शेवटचा तुकडा फाडून बघा. कडेला छोटी चीर द्या आणि दोन्ही हातांनी ओढा. कागदासारखा टरकन फाटला तर ते कातडं सोडून द्या, कितीही सुंदर दिसत असलं तरी. बहुतेक वेळा कुणीतरी आम्लाच्या पाण्यात मुरवून ते नीट निष्प्रभ केलेलं नसतं, आम्ल वर्षानुवर्षं आतून धागे खात बसतं आणि त्यावर उपाय नाही. मला एकदा अख्खं कातडं असं मिळालं होतं, केस इतके चमकदार की विश्वास बसेना, आणि आरी टोचली की भोकापासून भोकापर्यंत सरळ फाटत जायचं.

आणि जुनी, कुणाच्या भिंतीवर पेंढा भरून लावलेली कातडी असतील तर त्यांना हातच लावू नका. किडीपासून जपायला पूर्वी त्यात आर्सेनिक घालायचे, घासलं की ती धूळ नाकात जाते.

कुठलं कातडं बुटाच्या कुठल्या भागाला

बुटाच्या पुढच्या भागाला, म्हणजे व्हॅम्पला, १.८ ते २.४ मिलिमीटर जाडी हवी. वरच्या नळीला १.४ ते १.८ चालतं. अस्तराला ०.८ ते १.२. अंथरायची गुरांची कातडी मऊ पडावीत म्हणून मागून बरीच पातळ केलेली असतात, त्यामुळे विकत घ्यायच्या आधी चार-पाच ठिकाणी जाडी मोजा, नुसतं मध्यावर मोजून काही कळत नाही. हरणाचं कातडं चिवट पण खूप ताणतं, व्हॅम्पला एकटं वापरू नका, मागे न ताणणाऱ्या चामड्याचं अस्तर चिकटवा किंवा त्याची नुसती नळी करा. शेळीचं पातळ पण घट्ट असतं, नळीला उत्तम. मेंढीचं बाहेरून वापरायच्या भानगडीत पडू नका, त्यात केसांची मुळं आणि चरबीच्या ग्रंथी इतक्या दाट असतात की वरचा थर आणि खालचा थर यांच्यात पोकळी राहते आणि वापरात ते दोन थर एकमेकांपासून सुटतात. मेंढीचं अस्तर म्हणून ठेवा, लोकरीसकट, तिथे त्याला तोड नाही.

आणि हे ठामपणे सांगतो, केसाळ कातड्यातून बुटाचा तळ, आतला तळवा म्हणजे इनसोल, किंवा टाचेमागचा काउंटर होत नाही, कितीही कमवा. त्याला जाड, कडक, पूर्णपणे सालीवर कमावलेलंच चामडं लागतं, इनसोलला ३.५ ते ५ मिलिमीटर. ते वेगळं घ्या. आपण इथे फक्त अपरचं, म्हणजे तळाच्या वरच्या भागाचं बोलतोय.

भादरणं

कातडं कोरडं असताना भादरा, ओलं असेल तर केस चिकटून बसतात आणि मशीन अडकतं. सपाट फळीवर केस वर करून ताणून खिळे मारा, सुरकुती राहिली की ब्लेड त्यात घुसून कातडं कापतं. आधी मोठ्या कात्रीनं लांब केस कमी करा, मग जनावरं भादरायचं क्लिपर घ्या, १० नंबरचं ब्लेड साधारण दीड मिलिमीटर केस ठेवतं, त्यानं अख्खं कातडं एकदा करा, मग ४० नंबरचं, ते पाव मिलिमीटरवर आणतं. केसांच्या उलट दिशेनं चालवा. पाठीच्या कण्यावर आणि मानेवर केसांचे भोवरे असतात, तिथे दिशा बदलत राहते, हातानं चाचपून बघत जा. ब्लेड गरम होतं, दर पाच-सात मिनिटांनी थांबून तेल द्या.

मास्क घाला, चांगला, धुळीचा, नुसता रुमाल नको. आणि क्रोमच्या कातड्याचे केस आणि कातरण खतात टाकू नका, जाळू तर अजिबात नका, जळताना साधं क्रोमियम घातक अशा सहा-संयुजी रूपात जाऊ शकतं.

आता वाळूकागद. केसांच्या बाजूला अजून एक पातळ, तेलकट, केराटिनचा थर असतो, कच्च्या कातड्यात तो केसांबरोबर निघून जातो पण इथे राहिलेला असतो. त्याच्यावर चामडं चिकटवायचं सोल्युशन धरत नाही. हे मला अस्तर सुटल्यावर समजलं, पूर्ण बूट झाला होता आणि आठवड्याभरात आतलं अस्तर पिशवीसारखं वेगळं झालं. त्यामुळे १८० नंबरच्या कागदानं ती बाजू हलक्या हातानं घासा, चमक गेली आणि मखमलीसारखं दिसायला लागलं की थांबा. खोल जाऊ नका, गुरांच्या कातड्यात केसांची मुळं वरच्या साधारण पाचव्या हिश्श्यात असतात आणि सगळी मुळं घालवायची म्हणून तेवढं घासलं तर सगळ्यात घट्ट विणीचा थरच निघून जाईल. राहू दे मुळं, आत जाणार आहेत.

मांसाकडच्या बाजूला मात्र जास्त वेळ द्या कारण ती आता बुटाचा चेहरा होणार आहे. लोंबणारे धागे, पातळ पापुद्रे, सुरीचे ओरखडे, सगळं आधी धारदार रापीनं (चांभाराच्या सुरीनं) आणि मग १२० च्या आणि २२० च्या कागदानं एकसारखं करा. जिथे खोल कट आहे ती जागा पेननं खूण करून ठेवा, तिथून व्हॅम्प कापायचा नाही.

मांसाची बाजू बाहेर म्हणजे काहीतरी तडजोड असं वाटत असेल तर काढून टाका मनातून. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात उत्तम बूट याच पद्धतीनं व्हायचे, वासराच्या चामड्याची मांसाकडची बाजू बाहेर घेऊन तिच्यात चरबी, तेल आणि काजळी घोटून काळी, गुळगुळीत, पाणी न धरणारी करायचे. ओरखडा पडला तर तिथे परत मेण घोटलं की मिटतो, कारण ओरखडा दिसायला वर गुळगुळीत ग्रेनच, म्हणजे केसांकडचा थरच, नाहीये. कामाच्या बुटांना यापेक्षा चांगली बाजू मला माहीत नाही.

पुन्हा कमवणं, खरं काम हेच

केसाळ कातडं अंगावर पांघरायला किंवा खाली अंथरायला मऊ केलेलं असतं, त्यामुळे त्यात भर नसतो. ते तसंच घेऊन बूट शिवला तर पहिल्या महिन्यात पायाबरोबर फाकतो आणि मग परत येत नाही. फर्म्यावर (पायाच्या आकाराच्या साच्यावर) ओढलं तरी आकार धरत नाही, फर्मा काढला की सैल. सालीतलं टॅनिन, म्हणजे कातडं कमावणारा तुरट अर्क, आत गेलं की धाग्यांमधली जागा भरते, चामडं भारदस्त होतं आणि आकार धरायला लागतं. कामाच्या बुटांचं चामडं क्रोम करून वर सालीनं कमावलेलं असतं ते याचसाठी.

आधी भिजवणं. कोमट पाण्यात थोडासा भांडी घासायचा साबण घाला, कातडं बुडवा, हातानं दाबत राहा, तीन-चार तास. अस्वल, बीव्हर, मेंढी असली चरबीवाली कातडी असतील तर हे दोनदा करा, नाहीतर पुढे टॅनिन ठिपक्याठिपक्यानं लागतं. मग साबण पूर्ण जाईपर्यंत धुवा, निथळवा, आणि ओल्या कातड्याचं वजन करा. पुढची सगळी प्रमाणं या वजनावर आहेत.

क्रोमचं कातडं असेल तर आता आम्ल कमी करायचं. समजा वजन ३ किलो भरलं, तर खायचा सोडा ३० ग्रॅम, म्हणजे १ टक्का. कातडं बुडेल एवढं ३५ अंशांचं पाणी घ्या आणि सोडा तीन भागांत, वीस-वीस मिनिटांच्या अंतरानं, आधी वेगळ्या पाण्यात विरघळवून घाला, एकदम टाकला तर वरचा थर खरबरीत होतो आणि आत काहीच पोचत नाही. मध्ये मध्ये हलवा. तासाभरानं जाड जागेचा छोटा तुकडा कापा आणि कापलेल्या कडेवर पीएच पट्टी दाबून धरा, ४.५ ते ५ हवंय. तेवढं आलं की साध्या पाण्यात धुवा. ही पायरी वगळली तर काय होतं? क्रोम टॅनिनला जोरात ओढून घेतं, सगळं टॅनिन पृष्ठभागावरच बसतं, बाहेरून छान तपकिरी दिसतं आणि पहिल्यांदा दुमडलं की तडे जातात. आल्डिहाइडवाल्या कातड्याला सोडा सहसा लागत नाही, पट्टी लावून खात्री करा म्हणजे झालं.

सालीचं पाणी. मिमोसा, चेस्टनट किंवा क्वेब्राकोची तयार पावडर मिळाली तर उत्तम, ओल्या वजनाच्या १० ते १२ टक्के, म्हणजे ३ किलोला ३०० ते ३६० ग्रॅम. मिमोसानं लालसर रंग येतो, हिरड्यानं फिका पिवळसर, मी दोन्ही मिसळतो, दोन भाग मिमोसा एक भाग हिरडा. पावडर नसेल तर ओकची किंवा बाभळीची साल बारीक तोडून १ किलोला ८-१० लिटर पाण्यात दोन-तीन तास मंद आचेवर ठेवा, गाळा, तीच साल परत एकदा उकळा. दुसरं पाणी पातळ असतं, ते सुरुवातीला वापरायचं, पहिलं नंतर.

भांडं स्टीलचं किंवा प्लास्टिकचं. लोखंड नको, गंजका पत्रा नको, बादलीच्या कडीचा गंजसुद्धा पाण्यात टपकायला नको, लोखंड आणि टॅनिन भेटले की निळेकाळे डाग पडतात आणि ते जात नाहीत.

पहिल्या दिवशी एक तृतीयांश पावडर १०-१२ लिटर कोमट पाण्यात, कातडं त्यात घाला आणि पहिला तासभर सतत हलवत राहा, घडी पडून राहिली की त्या घडीचा पट्टा कायमचा उमटतो. मग दिवसातून पाच-सहा वेळा हलवा. दुसऱ्या दिवशी दुसरा हिस्सा, तिसऱ्या दिवशी तिसरा. पाणी थंडच चालेल, पण खूप गार असेल तर वेळ लागतो. साल उकळून केलेल्या पाण्यात पाच ते आठ दिवस धरा. झालं की नाही हे कॅलेंडर नाही सांगत, कापलेली कड सांगते, दोन्ही बाजूंनी तपकिरी रंग आत सरकत येतो आणि मध्ये फिकी रेघ राहते, ती रेघ जाड जागेतून पण गेली की झालं. मी घाई करून एकदा रेघ असतानाच काढलं होतं, तो व्हॅम्प आजही मधोमध मऊ आहे आणि कडांना कडक.

काढल्यावर पटकन एकदा साध्या पाण्यातून काढा, घडी न घालता एखाद्या गोल खांबावर टाकून रात्रभर निथळू द्या.

ताणणं आणि चरबी पाजणं

दुसऱ्या दिवशी गुळगुळीत टेबलावर मांसाकडची बाजू वर करून पसरा आणि काचेच्या किंवा पितळेच्या बोथट पट्टीनं मध्यापासून बाहेर जोर लावून घोटत जा. पाणी बाहेर येतं, सुरकुत्या जातात, ताण निघतो. पोटाकडचा भाग आणि पायांच्या मुळांशी असलेले लवचिक खिसे यांना जास्त घोटा. जितका ताण आत्ता काढाल तितका बूट नंतर कमी फाकेल.

काळा रंग हवा असेल तर तो आत्ताच, चरबीच्या आधी. व्हिनेगरमध्ये स्वच्छ धुतलेली लोखंडी लोकर (स्टील वूल) आठवडाभर ठेवा, झाकण सैल ठेवा कारण त्यातून वायू निघतो, गाळून घ्या आणि ब्रशनं मांसाकडच्या बाजूला लावा. मगाशी ज्या लोखंडापासून जपत होतो तेच आता टॅनिनशी मिळून काळा रंग देतं, डोळ्यांसमोर काळं होत जातं, मला अजून दर वेळी बघत उभं राहावंसं वाटतं. दहा मिनिटांनी खायच्या सोड्याच्या पाण्यानं, लिटरला एक चमचा, पुसून घ्या आणि मग साध्या पाण्यानं. हा रंग वरून लावलेला नसतो, चामड्यातच तयार होतो, त्यामुळे मोज्यांना लागत नाही.

आता चरबी. जनावराची वितळवलेली चरबी आणि कॉड माशाचं तेल किंवा नीट्सफूट तेल (गुरांच्या पायांच्या हाडांतून काढलेलं), अर्धं-अर्धं, कोमट करून लोण्यासारखं दाट होऊ द्या. चामडं ओलसर हवं, पाणी गळणारं नको आणि कोरडं पण नको, दाबलं तर थंड लागेल एवढं. मांसाकडच्या बाजूला जाड थर द्या, केसांच्या बाजूला पातळ, आणि सावलीत, वारा असेल तिथे ताणून ठेवा. पाणी जसं बाहेर जातं तसं तेल त्याची जागा घेतं, म्हणून हे ओलसरपणीच करायचं, कोरड्या चामड्यावर चोपडलं तर वरवर राहतं. उन्हात किंवा हीटरजवळ ठेवू नका, पाणी तेलाच्या आधी पळून जातं आणि चामडं पापडासारखं होतं. तीन-चार दिवसांनी वर राहिलेली चरबी खरवडून काढा, ती पुढच्या वेळी वापरता येते.

वाळल्यावर कडक वाटेल, घाबरू नका. बोथट लाकडी कडेवरून मागेपुढे ओढा, दहा-पंधरा वेळा, फार नाही. आपल्याला हातमोज्यासारखं मऊ नकोय, बुटाचं चामडं वाकलं पाहिजे पण लोंबलं नाही पाहिजे.

शेवटी मेण. एक भाग मधमाशीचं मेण, दोन भाग चरबी, थोडं तेल, डबल बॉयलरवर वितळवून ६०-६५ अंशांवर ठेवा. चामडं या वेळी पूर्ण कोरडं असायलाच हवं, ओलं सालीचं चामडं या तापमानाला आक्रसायच्या खूप जवळ असतं पण कोरडं बरंच सहन करतं. चामडं हेअर ड्रायरनं कोमट करा, मेण फडक्यानं मांसाकडच्या बाजूला चोळा, परत ड्रायर, आत शोषलं जाईल, परत चोळा. तीन-चार हात झाले की गुळगुळीत काचेच्या बाटलीच्या कडेनं जोरात घोटा. मखमली लव आडवी पडते, रंग गडद होतो आणि खाली एक घट्ट, मंद चमकणारी बाजू दिसायला लागते. १ किलो कोरडं चामडं सगळं धरून १५० ते २५० ग्रॅम तेल-चरबी-मेण आरामात पितं. कडेचे शिवणीचे भाग मात्र केसांच्या बाजूनं कोरडे ठेवा, तिथे सोल्युशन लावायचंय.

तुरटीचं असेल तर

तुरटीचं कमावणं पाण्यानं धुऊन जातं, हा एरवी दोष, इथे फायदा. कातडं भरपूर पाण्यात दोन-तीन दिवस ठेवा, पाणी दिवसातून दोनदा बदला, पहिल्या पाण्यात मूठभर मीठ घाला. कातडं परत कच्च्यासारखं रबरी आणि बुळबुळीत झालं की विरवलेला चुना, ४० लिटर पाण्याला १ किलो. बराच चुना तळाशी बसतो, तो तसाच बसायला हवा, पाण्यातला संपत जातो तसा तो विरघळतो. रोज दोन-तीनदा हलवा, हातमोजे आणि चष्मा घालून, चुन्याचा शिंतोडा डोळ्यात जाणं ही गंभीर गोष्ट आहे. चार ते दहा दिवसांत अंगठ्यानं ढकलल्यावर केस सुटले तर नशीब, मग बोथट सुरीनं सगळे काढा, भरपूर धुवा, अमोनियम सल्फेटच्या किंवा कोंड्याच्या आंबवलेल्या पाण्यात चुना काढा. कापलेल्या कडेवर फेनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाका, गुलाबी झाला तर चुना अजून आत आहे. पुढे ते पूर्ण सालीवर कमवायचं, पातळ पाण्यापासून दाट पाण्याकडे, आणि त्याला दिवस नाही, आठवडे लागतात, जाड कातड्याला दोन महिनेसुद्धा.

पण हे सगळं आधी तळहाताएवढ्या तुकड्यावर करा. बरीच पांढरी कातडी नुसत्या तुरटीची नसतात, त्यात कृत्रिम टॅनिनही घातलेलं असतं आणि मग चुन्यात दोन आठवडे ठेवूनही केस हलत नाहीत. तुकड्याचे केस नाही सुटले तर मुकाट भादरा आणि वरच्याच वाटेनं या.

कापताना

व्हॅम्प पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी, मागच्या अर्ध्या भागातून कापा, तिथली वीण सगळ्यात घट्ट. दोन्ही पायांचे व्हॅम्प कण्याच्या डाव्या-उजव्या समोरासमोरच्या जागेतून घ्या म्हणजे दोन्ही सारखे ताणतील. कापायच्या आधी दोन्ही हातांत धरून उभं-आडवं ओढून बघा, कमी ताणणारी दिशा टाचेपासून बोटांकडे आली पाहिजे. ती आडवी गेली तर बूट चालून चालून लांब होतो. नळी खांद्याकडून घेतली तरी चालते, जीभ पोटाकडून.

कड पातळ करताना रापी केसांच्या बाजूनं चालवा. तिथे मुळांचे खुंट असतात त्यामुळे धार लवकर जाते, नेहमीपेक्षा दुप्पट वेळा धार लावायची तयारी ठेवा. टाके दाट घालू नका, इंचाला सात-आठ पुरेत, या चामड्याचा वरचा थर घासून थोडा कमकुवत झालेला असतो आणि दाट भोकं म्हणजे पोस्टाच्या तिकिटासारखी फाटायची रेघ. पूर्ण अस्तर लावा. राहिलेले खुंट मोज्यातून टोचतात म्हणून तर लावाच, पण ताण धरून ठेवायलाही अस्तर लागतं, १ मिलिमीटरचं सालीवरचं वासराचं किंवा शेळीचं अस्तर मी कायम घेतो.

फर्म्यावर चढवायच्या आधी अपर ओलसर करा, पकडीनं ओढून खिळे मारा आणि निदान पाच दिवस तसंच सोडा, मी आठवडा ठेवतो. साल चांगली लागली असेल तर फर्मा काढल्यावर बोटांकडचा गोलवा तसाच उभा राहतो.

केस ठेवायचेच असतील तर

थंडीच्या बुटांना केस ठेवण्यातच शहाणपण आहे. उत्तर युरोपातले सामी लोक रेनडिअरच्या पायांच्या कातड्याचे बूट केस बाहेर ठेवून करत आलेत, पायाचे केस आखूड आणि दाट असतात म्हणून बर्फ चिकटत नाही, आणि तळाचे दोन तुकडे असे जोडतात की त्यांचे केस एकमेकांच्या उलट दिशेला जातात, त्यामुळे पाय पुढेही घसरत नाही आणि मागेही. आत मोज्यांऐवजी वाळवून कुटलेलं गवत भरतात. हे बघितल्यापासून मी पायांची कातडी कधी फेकत नाही. कोरड्या बर्फात असे बूट छान, चिखलात आणि पावसात मात्र केस ओले राहून कुजतात आणि वाकायच्या जागी वर्षभरात टक्कल पडतं. दुसरा मार्ग म्हणजे केस ६ ते १० मिलिमीटर ठेवून आत घ्यायचे, मांसाकडची बाजू वर सांगितल्यासारखी मेणानं घोटून बाहेर. यात सालीचं पाणी केसांनाही रंगवतं, त्यामुळे पांढरी लोकर पांढरी राहणार नाही, आणि फर्मा एक ते दीड साइझ मोठा घ्यावा लागतो.

पहिला बूट करायच्या आधी तयार चामड्याचा तळहाताएवढा तुकडा घ्या, त्याला अस्तर चिकटवा, मधे एक शिवण घाला आणि रात्रभर पाण्यात बुडवून सकाळी शंभर वेळा एकाच जागी वाकवा. मेण तडकलं तर मेण कमी करून तेल वाढवा, अस्तर सुटलं तर केसांची बाजू नीट घासली गेली नव्हती, पाणी तपकिरी झालं तर जादा टॅनिन धुतलं गेलं नव्हतं, आणि वाळल्यावर तुकडा आक्रसून कडक झाला तर साल मधपर्यंत पोचलेलीच नाही, परत पाण्यात घाला, अजून चार दिवस.